बाईकच्या मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तर आधी काय बघायचं

मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. कुणी घाबरून गाडी गॅरेजला टाकतो आणि सांगतील ते पार्ट बदलून घेतो. कुणी ‘चालतेय ना, मग राहू दे’ म्हणून महिनोन्‌महिने तशीच चालवतो. दोन्हींत पैसे जातात. पहिल्यात लगेच, दुसऱ्यात सावकाश. खरं तर हा दिवा काय बघतो आणि काय बघत नाही, एवढं समजलं तरी पुष्कळ खर्च टळतो.

पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह यांच्याकडे या दिव्याचं थेट लक्ष नसतं. त्यामागे असतो ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, आणि त्याला कळतात ते फक्त वायरींवरून येणारे व्होल्टेज. एखाद्या वायरवरचं व्होल्टेज अपेक्षेबाहेर गेलं, किंवा दोन सेन्सरचं म्हणणं एकमेकांशी जुळेना, की तो त्याची नोंद एका कोडच्या रूपात करतो आणि दिवा लावतो. कोडवरून कळतं ते एवढंच, की अमुक सर्किटवर अमुक गडबड दिसली. ती सेन्सरमुळे झाली, वायरीमुळे, कपलरमधल्या (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडामधल्या) पाण्यामुळे की मरायला टेकलेल्या बॅटरीमुळे, हे शोधणं माणसाचं काम आहे. ‘कोड ऑक्सिजन सेन्सरचा आला, म्हणजे सेन्सर गेला’ ही समजूत सगळ्यात महाग पडते.

आपल्याकडच्या साध्या, रोजच्या गाड्यांमध्ये हा दिवा सर्रास दिसायला लागला तो १ एप्रिल २०२० पासून, बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर. त्याआधी बहुतेक १००-१२५ सीसीच्या गाड्या कार्बोरेटरवर चालत. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल किती जायचं ते जेट आणि हवेचा जोर ठरवत, तिथे तक्रार नोंदवणारं कुणीच नव्हतं. बीएस-६ मध्ये फ्यूएल इंजेक्शन आलं, आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ईसीयू ठरवू लागला. त्यासाठी त्याला बरीच माहिती लागते: क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) कुठे आहे, थ्रॉटल (मुठीने उघडणारी हवेची झडप) किती उघडलाय, आत येणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान किती, इंजिन किती तापलंय, धुरात ऑक्सिजन किती उरलाय, गाडी आडवी तर पडलेली नाही ना.

गाडीचं साल बघणंही महत्त्वाचं आहे. २०२० च्या टप्प्यात स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा, म्हणजे ओबीडी, मुख्यतः तुटलेली वायर आणि शॉर्ट ओळखायची. १ एप्रिल २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा लागू झाला आणि एप्रिल २०२५ पासून तो आणखी कडक झाला. त्यामुळे नव्या गाड्यांत वायरिंग ठणठणीत असतानाही दिवा लागू शकतो. इंजिन मिसिंग करतंय (म्हणजे मधूनमधून पेट्रोल न जळताच बाहेर जातंय), ऑक्सिजन सेन्सर म्हातारा होऊन सुस्त झालाय, सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाहीये, अशी कारणंही तिथे निघतात. मित्राच्या २०२१ च्या गाडीवर झालेलं निदान तुमच्या २०२५ च्या गाडीला तसंच्या तसं लावू नका.

आधी दिवा नीट बघा

चावी ऑन केल्यावर हा दिवा लागायलाच हवा. तो चालू आहे की नाही, याची ती तपासणी असते. काही गाड्यांत दोन-तीन सेकंदांनी विझतो, काहींत इंजिन चालू झाल्यावर. चावी ऑन करूनही तो कधीच लागत नसेल तर जुनी गाडी घेताना सावध व्हा. कुणीतरी दिवाच बंद केलेला असू शकतो. काही मॉडेलमध्ये किल स्विच बंद असला तरी तो लागून राहतो, तेव्हा गॅरेजला फोन लावण्याआधी उजव्या मुठीवरचं ते लाल बटण एकदा बघून घ्या. गाडी आडवी पडल्यानंतर लागला असेल, तर गाडी सरळ उभी करा, पेट्रोल गळत नाही ना ते पाहा, मग चावी बंद करून पुन्हा ऑन करा. पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर बऱ्याच गाड्यांत असाच पूर्ववत होतो.

रंगाचा फरकही लक्षात ठेवा. पिवळा दिवा म्हणजे तपासून घ्या. तेलाच्या डब्याचं लाल चित्र चालू इंजिनात लागलं तर तो वेगळाच मामला आहे. तिथे गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं. तेलाचा दाब नसताना चाललेलं इंजिन थोड्याच वेळात कायमचं खराब होतं. एबीएसचा दिवा गाडी थोडी पुढे गेल्यावर विझतो. त्याचा इंजिनाशी संबंध नाही.

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तर सावकाश घरी जाता येतं. ताकद एकदम कमी झाली, रेस एका मर्यादेपुढे जात नाही, असं वाटलं तर ईसीयूने गाडी मुद्दाम अशक्त ठेवली आहे. सेन्सरवर भरवसा न राहिल्यामुळे तो ठरावीक आकडे धरून चालवतोय. अशा गाडीने रात्री वरंधा किंवा आंबोलीचा घाट चढायला निघू नका.

लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ मॉडेलप्रमाणे बदलतो. काही गाड्या लुकलुकून कोडचा आकडा सांगतात. नव्या गाड्यांत चालत्या गाडीवर दिवा लुकलुकतोय आणि इंजिन झटके देतंय, असं झालं तर मिसिंग चालू आहे असं समजा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन जळतं, कन्व्हर्टर बेसुमार तापतो आणि कायमचा निकामी होऊ शकतो. तेव्हा थांबलेलं बरं. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत तुमच्या मॉडेलचा नेमका अर्थ दिलेला असतो. ते पान उघडून वाचा.

कोड कसा काढायचा

होंडाच्या अनेक इंजेक्शनच्या गाड्यांत दिव्याच्या लुकलुकण्यातूनच कोड मिळतो. लांब लुकलुक म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. दोनदा लांब आणि एकदा आखूड म्हणजे २१, ऑक्सिजन सेन्सरचं सर्किट. सात आखूड म्हणजे इंजिन तापमानाचा सेन्सर, आठ म्हणजे थ्रॉटलचा. यामाहाच्या काही गाड्यांतही लुकलुक मोजता येते, पण त्यांची यादी वेगळी आहे. बाकीच्या बहुतेक गाड्यांना स्कॅनर, म्हणजे ईसीयूतले कोड वाचणारं यंत्र, लावावा लागतो. त्याचा कपलर सहसा सीटखाली किंवा साइड कव्हरच्या आत असतो. आता बऱ्याच गाड्यांत सहा पिनांचा लाल कपलर येतो. त्याला अॅडॉप्टर लावला की कारचा सोळा पिनांचा स्कॅनर जोडता येतो. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर आणि मोबाइलवरचं अॅप काही गाड्यांत चालतं, काहींत ईसीयू उत्तरच देत नाही. तुमच्या मॉडेलवर चालल्याचं कुणी खात्रीने सांगितल्याशिवाय त्यात पैसे घालू नका.

स्कॅनरवरचा कोड ‘पी’ने सुरू होतो, पुढे चार आकडे. पहिला शून्य असेल तर तो सगळ्या कंपन्यांना सारखा असतो, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. त्यापुढचा आकडा विभाग सांगतो: १ म्हणजे हवा आणि पेट्रोलचं मोजमाप, २ इंजेक्टरचं सर्किट, ३ स्पार्क आणि मिसिंग, ४ धुराच्या शुद्धीकरणाची यंत्रणा, ५ वेग आणि आयडलिंग, ६ खुद्द ईसीयू. कोडबरोबर बऱ्याचदा त्या क्षणाची नोंदही साठवलेली असते. तेव्हा आरपीएम किती होते, इंजिन किती तापलं होतं, थ्रॉटल किती उघडा होता, हे त्यातून कळतं. थंड इंजिनात पहिल्याच मिनिटाला आलेला कोड आणि हायवेवर तासभर चालवल्यावर आलेला कोड यांची कारणं वेगळी असू शकतात. म्हणून कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून घ्या. बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा उद्योगही करू नका. बऱ्याच गाड्यांत कोड त्याने जात नाही, आणि जिथे जातो तिथे हातातला पुरावाच जातो.

एक सेन्सर जवळून बघू

इंजिन तापमानाचा सेन्सर घेऊ, कारण तो साधा आहे आणि आपल्याकडे चिखलात, पाण्यात सगळ्यात जास्त भिजणाऱ्या सेन्सरांपैकी आहे. बहुतेक ठिकाणी त्याला दोनच वायरी असतात. ईसीयू एका वायरवर आपल्या आतल्या रेझिस्टरमधून ५ व्होल्ट पाठवतो, दुसरी वायर अर्थिंगची. सेन्सरच्या आत असलेल्या तुकड्याचा रेझिस्टन्स इंजिन थंड असताना जास्त असतो, तापलं की उतरतो. त्याप्रमाणे वायरवरचं व्होल्टेज कमीजास्त होतं, आणि त्यावरून ईसीयूला तापमान कळतं.

आता समजा कपलर निसटला. करंटला वाटच उरली नाही, म्हणून ईसीयूला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. त्याच्या हिशेबात याचा अर्थ इंजिन उणे ४० अंशांच्याही खाली आहे. नाशिकच्या जानेवारीतसुद्धा हे शक्य नाही, म्हणून तो नोंद करतो पी०११८: सिग्नल जास्त. उलट वायर घासून चेसिसला टेकली, तर व्होल्टेज शून्य होतं, म्हणजे इंजिन अशक्य तापलेलं. नोंद होते पी०११७: सिग्नल कमी. लक्षात घ्या, इथे जास्त आणि कमी हे शब्द व्होल्टेजबद्दल आहेत, तापमानाबद्दल नाहीत. ‘जास्त’ वाचून रेडिएटर उघडणारे लोक आहेत.

या गाडीची लक्षणं काय? ईसीयू खरं तापमान सोडून ठरावीक आकडा धरतो. त्यामुळे सकाळी गाडी लवकर स्टार्ट होत नाही, नाहीतर पेट्रोल जास्त पिते. कूलंटवाल्या काही गाड्यांत पंखा सतत फिरत राहतो.

तपासायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. चावी बंद करून सेन्सरचा कपलर काढा. आधी नुसतं डोळ्यांनी बघा, मोबाइलचा टॉर्च मारून. पितळी पिनेवर हिरवट थर, आत पाण्याचा थेंब, एखादी पिन मागे ढकलली गेलेली, रबरी सील गायब: इथेच उत्तर मिळण्याची शक्यता मोठी असते. काही दिसलं नाही तर चावी ऑन करून, वायरिंगच्या बाजूच्या कपलरमधल्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज मोजा. ५ च्या आसपास आलं तर ईसीयूपासून इथपर्यंतच्या दोन्ही वायरी ठीक आहेत, संशय सेन्सरवर. मग सेन्सरच्या दोन टोकांमधला रेझिस्टन्स मोजा. थंड इंजिनात बऱ्याच सेन्सरचा तो २ ते ३ किलोओहमच्या आसपास येतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. इंजिन तापवून पुन्हा मोजा, तो ठळक उतरलेला दिसला पाहिजे. मीटर काहीच दाखवत नसेल तर सेन्सर आतून तुटलाय, बिनधास्त बदला. पण कपलरवर ५ व्होल्ट येतच नसतील, तर नवा सेन्सर बसवूनही दिवा जाणार नाही, कारण दोष मधल्या वायरीत किंवा ईसीयूच्या बाजूला आहे.

दोन्ही ठीक निघाले तर कपलर पुन्हा लावा, स्कॅनरवर तापमान बघत बघत वायरीचा जुडगा हळूहळू हलवा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. आकडा उडी मारतो ती जागा सापडली की दोष सापडला. कधी येणारा, कधी जाणारा दिवा या पद्धतीने पकडता येतो.

एक धोक्याची सूचना इथेच देतो. दोन वायरींच्या तापमानाच्या सेन्सरवर पिना एकमेकींना जोडून चाचणी घेणारे लोक आहेत, आणि तिथे ते चालतं. तीन वायरींच्या सेन्सरवर ते करू नका. थ्रॉटलच्या सेन्सरला एक वायर ५ व्होल्टच्या पुरवठ्याची असते. ती अर्थिंगला टेकवली तर त्या पुरवठ्यावर चालणारे बाकीचे सेन्सरही बसतात. थ्रॉटल सेन्सर तपासायचा तो सिग्नलच्या वायरवर मीटर लावून: मूठ सोडलेली असताना साधारण अर्धा व्होल्ट किंवा थोडं जास्त, पूर्ण पिळल्यावर ४ च्या वर, आणि मधे चढत जाताना कुठेही खड्डा नको. मुठीच्या एका ठरावीक जागी गाडी झटका देत असेल तर तो खड्डा हमखास तिथेच सापडतो.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. एकाच वेळी तीन-चार सेन्सरांचे कोड आले, तर तीन-चार सेन्सर एकदम गेलेले नसतात. त्यांची सामायिक वायर बघायची: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थिंगचा बोल्ट, किंवा बॅटरी.

बॅटरी तर प्रत्येक निदानात पहिली. गाडी रात्रभर उभी असताना १२.४ ते १२.८ व्होल्ट, इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर १४ ते १४.५. त्याच्या बरंच खाली असेल तर चार्जिंग होत नाही, १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊ-दहाच्या खाली कोसळत असेल तर ईसीयू त्या क्षणी गोंधळतो आणि भलतेच कोड नोंदवतो. टर्मिनलचे स्क्रू सैल असणं हे तर गॅरेजमध्ये रोज दिसणारं कारण आहे.

ऑक्सिजन सेन्सरवर होणारा अन्याय

विनाकारण बदलला जाणारा पार्ट कुठला, असं विचारलं तर मी ऑक्सिजन सेन्सरचं नाव घेईन. तो हजारांच्या घरात जातो, आणि बदलूनही दिवा परत लागतो, कारण त्याने खरं तेच सांगितलेलं असतं. हा सेन्सर साधारण ३०० अंशांपर्यंत तापला की कामाला लागतो. धुरात ऑक्सिजन जास्त, म्हणजे पेट्रोल कमी, तर तो ०.१ व्होल्टच्या आसपास देतो. पेट्रोल जास्त असेल तर ०.९ च्या आसपास. तापलेल्या इंजिनात तो या दोन टोकांमध्ये सतत खालीवर होत राहिला पाहिजे.

कोड आला पी०१३१, सिग्नल कमी. सेन्सर खराब असू शकतो. पण सायलेन्सरच्या तोंडाची गॅस्केट फाटून बाहेरची हवा आत ओढली जात असेल तरी हेच दिसेल. इंजेक्टर अर्धवट चोंदला असेल, फ्यूएल पंपाचा दाब कमी असेल, इंजिन आणि थ्रॉटल बॉडीमधल्या रबरी नळीला चीर गेली असेल, पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं असेल, तरी सेन्सर हेच सांगणार. तो बदलण्याआधी थंड इंजिनात गाडी चालू करा आणि सायलेन्सरच्या जोडाजवळ फटफट आवाज येतो का, काजळीची रेघ दिसते का, एवढं बघा. बाहेरचा सायलेन्सर बसवून हा सेन्सर लोंबकळत ठेवलेल्या गाड्याही दिसतात; तिथे दिवा लागणारच.

आपल्याकडचे नेहमीचे गुन्हेगार म्हणाल तर वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा. धुऊन आणल्याच्या दुसऱ्या दिवशी दिवा लागला तर कपलर उघडून वाळवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि मग पुढचं बघा. फवारा कपलर आणि सीटखालच्या भागावर थेट मारू देऊ नका, हे गाडी देतानाच सांगा. कोकणात खाऱ्या हवेने पिनांना गंज लवकर धरतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनाभर उभ्या गाडीचं वायरिंग उंदीर कुरतडतात. आणि जादा फॉग लाइट, अलार्म, जीपीएस यांच्यासाठी वायर सोलून मारलेले जॉइंट: दिवा लागण्याच्या आठवडाभर आधी काही बसवलं असेल तर तिथूनच सुरुवात करा.

उलट बाजूही आहे. दिवा लागला नाही म्हणजे सगळं आलबेल, असं नसतं. घाण झालेला एअर फिल्टर, व्हॉल्व्हचं बिघडलेलं सेटिंग, झिजलेला प्लग यांना वायर नसते किंवा त्यांची तक्रार उशिरा पोचते. २०२०-२२ च्या गाड्या मिसिंग करत असूनही दिवा न लावता चालू शकतात.

गॅरेजला गेलात तर एक प्रश्न आवर्जून विचारा: कोड कुठला आला, आणि पार्ट बदलायचं ठरवण्याआधी काय मोजलं? चांगला मेकॅनिक याने चिडत नाही, उलट मीटर लावून दाखवतो. कोडचा आकडा जॉब कार्डवर लिहून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर हे आणखी गरजेचं, कारण तोच दोष दुसऱ्यांदा आला की तुमच्याकडे लेखी काहीतरी असतं. आणि वॉरंटीतल्या गाडीची वायर स्वतः सोलू नका. बघणं आणि मोजणं एवढ्यावरच थांबा.

दुरुस्तीनंतर दिवा लगेच विझला नाही तर काम फसलं असं धरू नका. स्कॅनरने कोड पुसला नसेल, तर ओबीडीच्या दुसऱ्या टप्प्याच्या गाड्यांत साधारणपणे दोष न दिसता लागोपाठ तीन फेऱ्या झाल्यावर दिवा आपोआप विझतो. फेरी म्हणजे गाडी स्टार्ट करून, तो दोष तपासला जाईल इतपत चालवून पुन्हा बंद करणं. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणं त्यात मोजलं जात नाही. जुनी नोंद मात्र इंजिन जवळपास ४० वेळा थंडाचं गरम होईपर्यंत आत राहते, त्यामुळे महिन्याभराने दुसऱ्या गॅरेजमध्ये तो कोड पुन्हा दिसला तरी पार्ट मागवण्याआधी विचारा, की तो आत्ताचा आहे की साठवलेला. स्कॅनरवर या दोन्हींच्या याद्या वेगवेगळ्या असतात.